हात दिसायच्या आधी

पत्र असं आहे, थोडं आखडतं घेऊन देते:

"ताई, मी १७ वर्षांची आहे. बडोद्यात दांडिया बाजारात राहते, बारावी सायन्सला आहे. सहा वर्षं कराटे करते, ब्राऊन बेल्ट आहे. काता (ठरलेल्या हालचालींची एकटीने करायची मालिका) चांगला होतो, पण कुमितेत (समोरासमोरच्या लढतीत) हरते. समोरचीचा हात मला दिसेपर्यंत लागलेला असतो. सर म्हणतात तुझे रिफ्लेक्स स्लो आहेत, ते जन्मजात असतं. म्हणून दोन महिने मी क्लासवरून आल्यावर रात्री अर्ध्या किलोचे डंबेल्स धरून ५०० पंच मारते, डोक्याला पट्टा बांधून तो रिफ्लेक्स बॉल मारते, मग अभ्यासाला बसते. मोबाइलच्या अ‍ॅपवर माझा रिअ‍ॅक्शन टाइम २१० ते २२० मिलिसेकंद येतो. तरी मागच्या स्पर्धेत ०-६ ने हरले. गंमत म्हणजे नवरात्रात एवढ्या गर्दीत गरबा खेळते, तेव्हा मला कधी कोणाचा धक्का लागत नाही. मॅटवरच काय होतं? कुमिते सोडून फक्त काता करू का? झोप एक वाजता आणि सकाळी साडेपाचला ट्यूशन, त्यामुळे वेळ कमी आहे, पण तुम्ही सांगाल ते करेन."

अगं, गरब्याचं वाक्य तू गंमत म्हणून लिहिलंस. मला तेच पत्राचं मुख्य वाक्य वाटलं. त्याकडे येतेच, पण आधी तो "जन्मजात" शब्द तुझ्या डोक्यातून काढू दे.

२१० ते २२० मिलिसेकंद म्हणजे मंद नव्हे. डोळ्याला काही दिसलं की बोट हलवायला धडधाकट तरुण माणसाला साधारण एक पंचमांश ते पाव सेकंद लागतो. शिवाय मोबाइलचा पडदा आणि स्पर्श ओळखणारी यंत्रणा स्वतःचा थोडा वेळ खातात, तो तुझ्या आकड्यात मिसळलेला आहे. खात्री करायची असेल तर ३० सेंटिमीटरची पट्टी घे. भावाला किंवा आईला ती वरून उभी धरायला सांग. शून्याच्या खुणेपाशी तुझा अंगठा आणि बोट, मध्ये फट. न सांगता पट्टी सोडायची, तू पकडायची. सायन्सला आहेस, मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूचं सूत्र तुला पाठ असेल: १५ सेंटिमीटरवर पकडलीस तर साधारण ०.१७ सेकंद, २० वर ०.२०, २५ वर ०.२३. दहा वेळा कर, सरासरी काढ, आणि हा विषय मिटव. तुझ्या नसांत दोष नाही.

मग हात का लागतो? कारण अ‍ॅप आणि पट्टी जे मोजतात ते मॅटवर घडतच नाही. पट्टीच्या वेळी काय होणार हे तुला आधीपासून माहीत असतं. फक्त कधी, एवढाच प्रश्न. मॅटवर समोरून डावा हात येईल, उजवा येईल, पाय येईल, की नुसती हूल असेल, हे सगळं ओळखून मग उत्तर निवडायचं असतं. निवड आली की वेळ वाढतो. डोंडर्स नावाच्या डच शरीरशास्त्रज्ञाने हे १८६८ मध्ये मोजून दाखवलं होतं. पुढे १९५२ मध्ये हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की पर्याय दुप्पट झाले की दर वेळी साधारण ठरावीक तेवढा वेळ वाढत जातो. आता हिशेब कर. ओळखायला आणि निवडायला ०.३ सेकंद किंवा जास्त, त्यावर स्वतःचा हात हलवायचा वेळ. आणि जवळच्या अंतरावरून सुटलेली किझामी-झुकी, म्हणजे पुढच्या हाताचा ठोसा, पाव सेकंदाच्या आसपास पोचते. ठोसा सुटलेला बघून मग अडवायचा असं ठरवलं तर तूच काय, जगज्जेतीही उशीरच करेल.

म्हणजे जिला हात लागत नाही ती हात बघून हलत नाही. हात सुटायच्या आधी जे दिसतं ते बघून ती हललेली असते. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी कराटेपटू आणि नवखे यांची तुलना केली. नुसतं ठिपका दिसला की बटण दाबायच्या कामात दोघांत फार फरक नव्हता. पण प्रतिस्पर्ध्याच्या हल्ल्याची चित्रफीत दाखवून हल्ला वर येतोय की मध्ये हे ओळखायला सांगितलं, तेव्हा कराटेपटू स्पष्ट पुढे होते. म्हणजे फरक नजरेच्या वाचनात होता, आणि वाचायला शिकता येतं.

तू बडोद्याची आहेस, तुला हे गच्चीवर माहीत आहे. उत्तरायणाला पेच लागला की तू समोरचा मांजा बघत बसतेस का? मांजा दिसतोच कुठे! त्याच्या पतंगाची मान कलली, दोरीला पोक आला, की तो आता ढील देणार का खेचणार हे तुझ्या बोटांना आधी कळतं. ते कळायला तू किती वर्षं गच्चीवर उभी राहिलीस, आठव.

आता गरबा. मला खरं सांग, खेळताना तू कुठे बघतेस? पावलांकडे नाही. समोरचीच्या हाताकडेही नाही. नजर सैल सोडलेली असते, वर्तुळ सगळं एकदम दिसत असतं, आणि बाजूची कधी वळणार हे तिच्या खांद्यावरून तुझ्या अंगाला कळतं. डोळ्याच्या कडेला बारीक तपशील दिसत नाही, पण हालचाल चांगली कळते. गरब्यात तू ती कड वापरतेस. मॅटवर मात्र, माझी खात्री आहे, तू समोरचीच्या ग्लोव्हजकडे टक लावून बघतेस. एक तर ते लाल नाहीतर निळे, डोळा ओढून घेतात. आणि हात हा शेवटी हलणारा भाग आहे. त्याच्या आधी पुढच्या पावलावरचा भार बदलतो, मागची टाच उचलते, कंबर वळते, खांदा किंचित वर येतो, श्वास थांबतो. ग्लोव्हकडे बघणारीला यातलं काहीच दिसत नाही.

मी स्वतः लहानपणी इथल्याच एका आखाड्यात लाठी आणि फरी-गदगा (ढाल आणि काठीचा खेळ) शिकले. हे शहर आखाडे गाजवणाऱ्या जुम्मादादांचं आणि प्रो. माणिकरावांचं. आमच्या घरात मुलीने आखाड्यात जाण्याचं कोणाला नवल वाटलं नाही. आमचे वस्ताद सुरुवातीचे कित्येक दिवस हातात गदगा देईनात. भिंतीशी उभं करून दोन मोठ्या मुलांचा खेळ बघायला लावायचे, आणि मध्येच थांबवून विचारायचे, आता याचा वार कुठून येणार? मला तेव्हा राग यायचा. घरी जाऊन रडलेही आहे. पण पुढे माझा बचाव जो काही चांगला झाला तो त्या भिंतीपाशी झाला.

तेच तुझ्यासाठी आजच्या साधनांनी करता येईल. तुझ्या आणि क्लासमधल्या मुलींच्या लढतींच्या क्लिप मोबाइलमध्ये असतीलच. एक लाव, हल्ला सुरू होतोय असं वाटलं की थांबव, आणि मोठ्याने बोल: हात की पाय, वर की मध्ये, की हूल. मग पुढे चालव. रोज दहा मिनिटं, जेवण झाल्यावर पाय पसरून बसूनसुद्धा. सुरुवातीला अर्धी उत्तरं चुकतील. चुकलीस की मागे जाऊन बघ की कोणती खूण हुकली. मॅटवर याचीच जोड अशी: जोडीदार अर्ध्या वेगाने हल्ला काढेल, तू अडवायचं नाही, हात पाठीमागे, फक्त नाव घ्यायचं आणि पाऊल काढायचं. नजर तिच्या गी-च्या (कराटेच्या पोशाखाच्या) कॉलरपाशी, जिथे दोन्ही बाजू छातीवर मिळतात. वेग हळूहळू वाढवायचा, आणि ओळखणं बिघडलं की पुन्हा कमी करायचा.

एक शंका मात्र आहे, ती आधी तपास. "दिसेपर्यंत लागलेला असतो" असं तू लिहिलंस. तुझे डोळे उघडे असतात का? चिडू नकोस. हल्ला येताना डोळे मिटणं ही शरीराची आपली सवय आहे, आणि एक पापणी लवायला सेकंदाचा दहावा भाग सहज जातो. त्या वेळात निम्मी किझामी पोचते. व्हिडिओत तुझा चेहरा मोठा करून बघ. मिटत असतील तर वर्तमानपत्राची सैल सुरळी कर, कोणाला तरी ती तुझ्या कपाळाच्या दिशेने आधी हळू, मग जरा जोरात आणायला सांग, आणि तू डोळे उघडे ठेवून बघत राहा. दिवसाला दोन-तीन मिनिटं पुरतात. भीती हा तुझ्या स्वभावातला दोष नाही. जोरात लागलेल्या एखाद्या फटक्याची ती आठवण असते, आणि न लागणाऱ्या शेकडो सुरळ्या ती हळूहळू पुसतात. फाइटला माउथगार्ड घाल, दातांची काळजी नसली की डोळेही जरा धीट होतात.

आता शून्याकडे. ०-६ मधल्या सहाचं तुला वाईट वाटतंय. मला शून्याची जास्त काळजी वाटते. तिने तुला वाचलं, आणि तू तिला वाचायला भरपूर दिलंस. मोबाइलमध्ये स्लो मोशन आहे ना? समोरून तुझ्या ग्याकू-झुकीचा, म्हणजे मागच्या हाताच्या ठोशाचा, व्हिडिओ काढ. मूठ पुढे जायच्या आधी ती मागे येते का? कोपर बाहेर उघडतं का? खांदा कानाकडे चढतो का? ओठ आवळले जातात का? बहुतेकींचं यातलं एक तरी होतं, आणि ते होतं तोवर समोरचीला फुकटचा वेळ मिळतो. यावरचा एक सराव मला फार आवडतो. जोडीदार समोर उभी राहील, तू स्थिर उभं राहून तुला हवं तेव्हा एकच पंच काढायचा. तिला तुझ्या अंगात काहीही हललेलं दिसलं की तिने "आली" म्हणायचं. तू मूठ पोचेपर्यंत तिचा आवाज निघू नये इतकी शांत सुरुवात साधायची. मूठ आधी, अंग तिच्या मागोमाग. याने तुझा हात एका मिलिसेकंदानेही वेगवान होणार नाही, पण समोरचीला तो वेगवान वाटेल, आणि पॉइंट त्यावरच मिळतो.

म्हणूनच ते डंबेल्स आज ठेवून दे. वजनाचा ओढा खाली जमिनीकडे असतो, तुझा पंच पुढे जातो. हाताला पुढे जायचा वेग शिकवायच्या ऐवजी तू खांद्याला वजन पेलायला शिकवतेस, आणि खांदा वर चढायची सवय लावतेस. हवेत झटक्याने थांबवलेलं वजन कोपराला मार देतं तो वेगळा. ताकद वाढवायचीच आहे ना? मग आपले जोर-बैठका आहेत, दोरीच्या उड्या आहेत. हळू मारलेले दमलेले ५०० पंच हाताला हळूपणाच शिकवतात. आणि मूठ सुरुवातीपासून आवळू नकोस. हात पुढे नेणारे आणि मागे ओढणारे स्नायू एकाच वेळी ताठले तर ते एकमेकांशीच झुंजतात. सैल सोडलेला हात, आणि आवळणं फक्त लागण्याच्या क्षणी. काता करताना हे तुला येतं, फाइटमध्ये भीतीने विसरतेस. रिफ्लेक्स बॉल खेळायला मजा येते तर खेळ, पण तो दोरीला बांधलेला चेंडू वाचायला शिकवतो. चेंडूला खांदा नसतो.

टाळीचंही सांगते. बऱ्याच क्लासमध्ये सर टाळी वाजवतात आणि मुलं पंच मारतात. आवाजाला माणूस डोळ्यापेक्षा लवकर प्रतिसाद देतो, म्हणून सगळ्यांना आपण चपळ झालो असं वाटतं. पण मारायच्या आधी टाळी कोण वाजवतं? टाळीच्या जागी जोडीदाराची हालचाल ठेव: तिचं पुढचं पाऊल हललं की तू निघायचं, फक्त हात हलला तर जागेवर राहायचं. न हलण्याचा हा भाग विसरू नकोस, कारण प्रत्येक हालचालीवर उडी मारणारी मुलगी हुलीला हमखास फसते. कबड्डीत हेच तर होतं. चढाईवाल्याचं नुसतं गुडघ्याचं लवणं बघून कोपरा रक्षक पुढे झेपावतो आणि गडी त्याच्या मागून निसटतो. या खेळाला तेव्हा हुतूतू म्हणायचे, आणि १९२३ मध्ये सुधारलेल्या नियमांनी त्याची अखिल भारतीय स्पर्धा आपल्या बडोद्यातच झाली होती. एखाद दिवशी कबड्डीच्या मैदानाशी उभी राहून फक्त हूल बघ. आणि स्वतः एक, एकच, हूल पक्की कर: पुढचा खांदा नेमका तसाच हलव जसा खऱ्या पंचाच्या वेळी हलतो. समोरची जितकी चपळ तितकी ती त्याला लवकर उत्तर देईल, आणि तिचा हात तिकडे गेला की तुझी ग्याकू मोकळी.

हिकचा नियम तुझ्या बाजूने वापर. उत्तरं कमी ठेव. सध्या तुझ्याकडे सहा वर्षांत शिकलेले डझनभर ब्लॉक आहेत आणि मेंदू त्यांतून निवडत बसतो. पुढच्या दोन महिन्यांसाठी दोनच उत्तरं ठरव. हात येतोय असं वाटलं की तिरकं पाऊल काढून ग्याकू. पाय येतोय असं वाटलं की आत घुसून तो उलगडायच्या आधीच गाठायचं. बाकी सगळं कातात राहू दे, तिथे ते सुंदर दिसतं. अंतर जपलंस तर निम्मं काम आपोआप होतं. तिला हात लावायला एक पाऊल टाकावंच लागेल एवढ्या अंतरावर उभी राहिलीस की ते पाऊलच तुझी घंटा. त्यापेक्षा जवळ उभं राहून विचार करू नकोस. जवळ गेलीस तर मारायलाच जा, नाहीतर बाहेर नीघ.

हे सगळं कधी करायचं? ताजी असताना. पूर्ण वेगाचा जोर स्नायूंतल्या ज्या साठ्यावर चालतो तो जेमतेम दहा सेकंद पुरतो, आणि नीट भरून यायला तीन-पाच मिनिटं लागतात. म्हणून पाच-सहा सेकंदांचा एक झपाटा, मग निदान मिनिटभर, जमलं तर दोन मिनिटं श्वास, असे सहा-आठ झपाटे. वॉर्म-अप झाला की लगेच, आठवड्यात तीन दिवस. हाताचा वेग उतरलेला जाणवला की त्या दिवसाचं ते काम संपलं. क्लासच्या शेवटी घाम निथळताना केलेल्या स्पीड ड्रिलने दम वाढतो, वेग वाढत नाही. सरांना हे शिकवल्यासारखं न वाटता सांगता येतं. "सर, वॉर्म-अपनंतर दहा मिनिटं मला एखादी जोडीदार द्याल का, वाचन सुधारायचंय" एवढंच बोल. सहा वर्षं शिकवणारा माणूस मुलीच्या अशा प्रश्नाला नाही म्हणत नाही. त्यांनी रागाच्या भरात "जन्मजात" म्हटलं असेल. ते मनात ठेवू नकोस, पण खरंही मानू नकोस.

आणि झोप. तू ती वाक्याच्या शेवटी जाता जाता लिहिलीस. एक ते साडेपाच म्हणजे साडेचार तास. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना आठ ते दहा तास लागतात, तू निम्म्यावर चालली आहेस. झोप अपुरी असली की प्रतिसाद नुसता हळू होत नाही, मध्येच लक्षच पुसलं जातं. समोर उघड्या डोळ्यांनी बघत असतेस आणि त्या क्षणी आत कोणी नसतं. ०-६ मधले काही पॉइंट त्या क्षणांत गेले असतील असं मला वाटतं. डंबेल्सचा आणि बॉलचा तास तुला मी आजच परत दिला, तो सरळ उशीवर ठेव. आईबाबांशी बोल, पहाटेची ट्यूशन संध्याकाळच्या बॅचला हलवता येते का विचार. बोर्डाच्या परीक्षेसाठीही मी हेच सांगितलं असतं. लेकी, बाकीचं काहीच केलं नाहीस तरी हे एवढं कर.

काता फक्त आवडतो म्हणून कर. कुमितेत हरते म्हणून त्याच्या मागे लपू नकोस. या वयात सहा वर्षांचं शिक्षण गाठीशी असलेली मुलगी दोन-तीन महिन्यांत वाचायला शिकते, हे मी मैदानावर पुन्हा पुन्हा पाहिलंय.

रविवारी "आली"चा तो सराव मैत्रिणीबरोबर कर. तिने तुला कशावरून ओळखलं, खांदा, कोपर, श्वास की आणखी काही, ते तिलाच विचार आणि मला कळव. मग ती एक खूण कशी मोडायची ते बघू.